नदीतला नावाडी

मंगळवार पेठेत नवा शिनेमा पहिल्यांदा धोंडुबाईला कळायचा. तिचा दीर जोतीराम थेटरात डोअरकीपर होता, त्यामुळं खेळ लागला की पहिल्याच दिवशी ती आत. मग दुपारी अंबूबाईच्या सोप्यात पापड लाटायला बायका जमल्या, की पोळपाट तिच्याकडं सरकायचे. कुठली नटी जाड झाली, कुणाला आता म्हाताऱ्याचंच काम मिळणार, दिवाळीला कुठला पौराणिक लागणार, सगळ्याचा निकाल तिथं लागायचा.

त्या दिवशी धोंडुबाई नव्या सामाजिक चित्राची गोष्ट सांगत होती. भावजयीच्या जाचाला कंटाळून नायकाची बहीण पुराच्या नदीकडं धावत सुटते, इथवर ती आली. शालूबाईचं लाटणं थांबलं. ती पोटुशी होती आणि डोळे आधीच भरले होते.

"फुडं काय झालं गं? वाचती न्हवं?"

खरं तर चित्रात ती बुडून मरत होती. धोंडुबाई स्वतः पदर तोंडात कोंबून रडली होती. पण शालूबाईच्या तोंडाकडं बघून तिच्यानं ते सांगवेना.

"वाचती की. नावाडी येतो एक. उडी घेतो आन् केसाला धरून वर काढतो."

"देखणा हाय?"

"हाय तर. फुडं त्याच्याशीच लगीन लागतं तिचं."

बायका खूश झाल्या. इतक्या, की अंबूबाईनं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "हे डोळ्यांनी बघाय पायजे. रविवारी समद्या जाऊ." धोंडुबाईनं गर्दी सांगितली, ढेकूण सांगितले, कुणी ऐकलं नाही.

रविवारी दोन टांगे भरून बायका थेटरात गेल्या. नायकाची बहीण नदीकडं धावली तशी धोंडुबाईनं डोळे मिटून घेतले. शालूबाई मात्र शेजारच्या अनोळखी बाईला धीर देत होती, "रडू नगा, नावाडी येतोय आता."

पाणी वाहिलं. एक ओढणी वाहत गेली. आणि 'समाप्त' आलं.

"नावाडी कापला," अंबूबाई अंधारातच उठली. "रीळ खाल्लं मेल्यांनी."

धोंडुबाई "अगं, ऐक" म्हणेपर्यंत सगळ्या मॅनेजरच्या खोलीपुढं. मॅनेजर सज्जन माणूस. त्यानं हात जोडून सांगितलं, "बाई, ह्या चित्रात नावाडीच नाही."

"हाय. हिनं बघितलाय," म्हणून अंबूबाईनं धोंडुबाईला पुढं ढकललं. "सांग त्यास्नी."

जोतीराम दाराशी उभा राहून वहिनीकडं बघत होता. धोंडुबाई मागं सरकायला बघत होती. पण इतकी माणसं भोवती जमलेली बघून तिच्यातली सांगणारी जागी झाली. तिनं सुरुवात केली. नावाड्याचं फाटकं पागोटं, पुरात गरगरणारी नाव, त्यानं मारलेली उडी. बाहेर पडणारी माणसं थबकली. पुढच्या खेळाची रांग मोडून लोक आत आले. लग्नात भावजय बहिणीच्या पाया पडते, तिथं कुणीतरी नाक शिंकरलं आणि सगळीकडून टाळ्या पडल्या.

मॅनेजरनंही टाळी वाजवली. मग म्हणाला, "बाई, तुम्ही हे खरंच पडद्यावर बघितलंत?"

"न्हाय," धोंडुबाई खाली बघून म्हणाली. "मला ती मेलेली सोसवली न्हाय."

अंबूबाईनं तिच्याकडं रोखून बघितलं. आता ही चारचौघांत आपली लाज काढणार, असं धोंडुबाईला वाटलं. पण अंबूबाईचे खांदे हलायला लागले, आणि ती हसली ती भिंतीला टेकूनच. मग शालूबाई पोट धरून हसली, मागोमाग बाकीच्या. मॅनेजरनं सगळ्यांना सोडा पाजला.

बाहेर भिंतीवर पुढच्या चित्राचा कागद ताजा डकवलेला होता. घोड्यावर राणी, मागं पेटलेला किल्ला.

"ह्यात राणी जगती का गं?" शालूबाईनं विचारलं.

"मला काय म्हाईत? अजून लागला कुठं हाय?"

"लागायची कशाला वाट बघायची?" म्हणत अंबूबाईनं तिला टांग्यात आपल्या शेजारी ओढून घेतलं. "सांग की."

टांगा हलला. धोंडुबाईनं घसा खाकरला आणि राणीला किल्ल्याच्या चोरवाटेनं बाहेर काढलं.