दुसरा माणूस

नाझिहाने चिमट्यात एकच काच धरून आम्लाच्या भांड्यात सोडली आणि घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं. तेवढ्यात काचेवर केसाएवढ्या बारीक वाटा कोरल्या जायच्या. पुढे दवाखान्यात त्या वाटांतून रक्ताचा थेंब फिरवून आजार ओळखत. स्टँडला चार खाचा होत्या, त्यातल्या तीन तिने रिकाम्या ठेवल्या होत्या.

समोर स्टुलावर मोंजी मलमाची ट्यूब घेऊन बसले होते. आदराने सगळे त्यांना सी मोंजी म्हणत. हे आम्ल मोठं लबाड. कातडीवर पडलं तर लागतसुद्धा नाही, कळतं तेव्हा हाडाला भिडलेलं असतं. म्हणून स्फाक्स शहरातल्या या प्रयोगशाळेत नियमच होता, आम्लापाशी एकट्याने उभं राहायचं नाही. एकोणीस वर्षं नाझिहाचा दुसरा माणूस मोंजीच. ते आपल्या जैतुनाच्या झाडांचं कौतुक सांगत, सुनेच्या हातच्या कुसकुसला नावं ठेवत आणि ती ऐकत असे. घरी तिला हाक मारणारं कुणी नव्हतं. आई गेल्यापासून दाराची कडीही कुणी वाजवली नव्हती. काचांची मागणी घटली तसं तिने एका दिवसाचं काम चार दिवस पुरवायला सुरुवात केली. खोटेपणा होता, पण त्यात कुणाचं काय जात होतं?

आज मोंजी नुसतं ट्यूबचं झाकण फिरवत बसले होते. काच बाहेर निघाली, धुऊन झाली, नाझिहाने हातमोजे उतरवून ती बोटांत धरली, तेव्हा कुठे त्यांनी घसा खाकरला.

"रागावू नकोस नाझिहा. मी साहेबांशी बोललोय. सोमवारपासून तुला आम्लाचं काम नाही. खिडकीपाशी बसून काचांची मापं तपासायची."

"का? माझी कुठली काच बिघडली?"

"काच नाही गं. आधी चार सोडायचीस, आता एकेक सोडतेस. रमजानपासून बघतोय. हात थरथरतात ना तुझे? आपल्यात कसली लपवाछपवी? उद्या काही झालं तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

खरं सांगितलं असतं तर काम वाचलं असतं. पण पन्नाशी उलटलेल्या बाईने नातवंडं असलेल्या माणसाला ते कुठल्या तोंडाने सांगायचं? मापांच्या टेबलाला दुसरा माणूस लागत नाही, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. फार वाईट वाटलं तिला.

बोटांत धरलेली ओली काच जराही हलत नव्हती. तिने ती अलगद खाली ठेवली आणि दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"हो, सी मोंजी," ती म्हणाली. "थरथरतात हल्ली."