गार हात

नाशपातीच्या बागेत त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. तरी शेवटच्या ओळीपासून माणसं दहा हात लांबच थांबली होती. त्याच ओळीत वर्षापूर्वी बागवाल्यांचा धाकटा मुलगा शिडीवरून पडून दगावला. तेव्हापासून तिथली झाडं पिवळी पडत चालली होती. बाकी बाग हिरवीगार, आणि ही एकच ओळ कावीळ झाल्यासारखी! ‘झाडं सुतकात आहेत,’ असं लोक दबक्या आवाजात म्हणत, आणि पान हललं तरी दचकून मागे बघत.

मठातले गारवाबाबा मात्र बेधडक आत शिरले.

“अडकलाय! पोरगा अडकलाय! खोडात जीव, फांदीत श्वास, मुळाशी आईची आस!”

त्यांनी धाकट्याच्या आईच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या दिला आणि त्यात केशरी दाण्यांच्या दोन मुठी टाकून ढवळलं.

“घट्ट धर, माई. येतोय तो.”

आईने डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात ती किंचाळली, “गार! अगं, त्याचाच हात!”

थोरलीने, धाकट्याच्या बहिणीने, पुढे होऊन तांब्याला हात लावला. तांब्या गारठला होता. त्या दिवशी भावाला झाडाखालून उचलताना त्याचा हात तिच्याच हातात होता. अगदी तसाच गार. माती तपासायच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढलेल्या त्या बाईच्या अंगावर सरसरून काटा आला.

तांब्यातलं पाणी पहिल्या झाडाला घातलं. तीन आठवड्यांत झाड हिरवं झालं आणि बाबांचा डंका वाजू लागला. आई आता दिवसभर त्या झाडाखालीच बसे. तांब्या धरून पोराशी बोले, त्याच्यावर रुसे, त्याला जेवलास का विचारी. घरात मात्र ती कुणाशीच बोलेना. बाबा म्हणत, “तहानलाय पोरगा!” मग एकाचे चार तांबे झाले, चाराची बादली झाली. शेवटी फर्मान सुटलं, “ही ओळ माझ्या मठाला लिहून द्या, म्हणजे त्याला कायमचा निवारा मिळेल.” आई सही करायला तयार झाली.

त्याच आठवड्यात झाडाच्या पानांच्या कडा करपू लागल्या.

“तापलाय पोरगा!” बाबा गरजले. “अजून पाणी!”

थोरलीने एक पान तोडून उन्हात धरलं. अशी करपलेली पानं तिच्या टेबलावर दर हंगामात येत. खताचा अतिरेक! तिने खाली सांडलेले दाणे वेचले आणि रंग झटकन धुऊन टाकला. आत पांढरेशुभ्र मणी निघाले. स्वयंपाकघरात तिने ते पेलाभर पाण्यात टाकले, तर पेला गार पडला. दोन दाणे चमच्यात धरून तापवले, तसे ते वितळले आणि नाकाला झोंबणारी वाफ आली.

युरिया!

खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. पण ती तिथेच फरशीवर बसली आणि ढसढसा रडली. तिचा भाऊ आज पुन्हा गेला होता.

दुसऱ्या सकाळी सगळे जमलेले असताना तिने शेजारच्या मावशींच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि स्वतःच्या गोदामातला युरिया त्यात ओतून ढवळलं.

“अगं बाई, गार पडला!” मावशी ओरडल्या.

“आता तुमच्याकडे कोण आलं, मावशी?”

“माझ्याकडे कोण येणार? आमचे हे तर घरी झोपलेत!”

लोक हसले. बाबांनी झोळी आवळली.

“युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून तांब्या गार पडतो,” थोरली म्हणाली. “या ओळीला खत घालायचा तो धाकटाच. तो गेला आणि भीतीपोटी आपण कुणी इकडे फिरकलोच नाही. झाडं सुतकात नव्हती, उपाशी होती. नत्राची, म्हणजे युरियातल्या नायट्रोजनची, भूक लागली की आधी जुनी पानं पिवळी पडतात. बाबांनी खत घातलं, म्हणून झाड हिरवं झालं. मग इतकं घातलं की ते करपलं.”

“नास्तिक बाई!” बाबा कडाडले. “घोर पाप लागेल!”

“लागू दे. आधी उरलेले दाणे तापवून दाखवा.”

बाबांनी काढता पाय घेतला.

आई जागची हलली नव्हती. तिने स्वतःच्या हाताने नव्या पाण्यात मूठभर युरिया टाकला आणि तांब्या धरून बसली. तांब्या गारठला.

“म्हणजे तो नव्हता.”

“नाही, आई.”

“मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?”

थोरलीने आईच्या हातातला तांब्या खाली ठेवला. ती आईला खेटून बसली. “माझ्याशी बोल,” एवढंच तिला म्हणता आलं.

पुढे मायलेकींनी मातीची आणि पानांची तपासणी करून घेतली. करपलेल्या झाडाचं खत बंद केलं आणि भरपूर साधं पाणी दिलं. बाकीच्यांना मोजून, हप्त्याहप्त्याने खत दिलं. तरी ते करपलेलं झाड दोन हंगाम नुसतंच पानांनी माजलं. फळं आली ती मऊ, बेचव. चमत्काराची किंमत झाडानेही भोगली.

गेलेल्या माणसाची आठवण येणं ही अंधश्रद्धा नव्हे. पण त्या आठवणीत हात घालून कुणी चमत्कार दाखवू लागला, तर डोळे पुसा आणि विचारा: हे कशाने झालं? उत्तराने दुःख हलकं होईलच असं नाही. पण निदान ते आपलं राहील, कुणाच्या धंद्याचं भांडवल होणार नाही.