काकांच्या आवाजाने भरलेली डिस्क

जुने कॉम्प्युटर रिसायकल करणाऱ्या एका कंपनीत मी हार्ड डिस्क पुसतो. काका सगळीकडे सांगतात, पुतण्या पुसापुशीचं काम करतो. त्यामुळे शेजारी मला फडकी भेट देतात.

त्या दिवशी काकूला काकांच्या जुन्या कॉम्प्युटरनं अडवलेलं तिचं टेबल मोकळं करून हवं होतं. तिचं नवं शिलाई मशीन आठवडाभर पलंगावर पडून होतं आणि काका सतरंजीवर. जुने कॉम्प्युटर गोळा करणारी आमच्या कंपनीची गाडी दुपारी त्यांच्या गल्लीत येणार होती. त्यानंतर थेट पुढच्या वर्षी.

"आज हा डबा गेला नाही," काकू म्हणाली, "तर मी ह्यांनाही त्याच्यासोबत गाडीत चढवणार."

काका निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर. स्वयंपाकघरात वळतानाही हात दाखवतात.

"नुसतं डिलीट केलं तर फाइल जात नाही, फक्त तिचा पत्ता जातो," मी त्यांना समजावलं. "म्हणून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहायची."

"शून्य म्हणजे काही नाही. काही नाही लिहून असलेलं कसं जाईल?"

"जातं, काका."

"ब्रेक नसल्यानं गाडी थांबते का?"

मी घड्याळाकडे पाहिलं.

शेवटी शून्यांऐवजी काहीतरी भरीव लिहायचं ठरलं. काकांनी घसा खाकरला आणि मोबाइलवर स्वतःचं एक गाणं रेकॉर्ड केलं. मी डब्यातली डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली, रिकामी केली आणि तेच गाणं पुन्हा पुन्हा कॉपी करत काठोकाठ भरली. बँकेची कागदपत्रं, पासवर्ड, सहलीचे फोटो, सगळं काकांच्या आवाजाखाली गाडलं गेलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी डिस्क सोडवायला गेलो, तर काकांनी मनगट धरलं.

"माझं गाणं परक्याच्या हाती द्यायचं?"

"मग पुसू. शून्यांनी."

"शून्यावर माझा विश्वास नाही."

"मग कशानं?"

"दुसऱ्या गाण्यानं."

"आणि ते?"

"तिसऱ्यानं."

मी मनातल्या मनात हिशेब केला. काका अमर असतील तरच हे जमण्यासारखं होतं.

पुन्हा हॉर्न. काकू मशीन लेकरासारखं कडेवर घेऊन दारात उभी राहिली.

"अहो, नका देऊ," ती एकदम गोडीत आली. "पण नीट भरलंय का, ते तरी ऐका."

तिनं मशीन माझ्या हातात दिलं, लॅपटॉपचा आवाज वाढवला आणि बटण दाबलं.

काकांनी स्वतःला आजवर बाहेरून ऐकलंच नव्हतं. पहिल्या ओळीला ते हसले. दुसऱ्या ओळीला म्हणाले, "स्पीकर बिघडलाय." तिसऱ्या ओळीला शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

"असा गातो मी?"

"आज सर्दी नाहीये, म्हणून जरा बरं आलंय."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

"बोलले की. तुम्ही गात होतात."

काका उठले. ड्रिल आणलं, चष्मा लावला, डिस्क सोडवून अंगणात नेली आणि तिला आरपार भोकं पाडली. पहिलं मी सांगितलं म्हणून, बाकीची स्वतःच्या समाधानासाठी.

गाडीवाल्यानं डबा गाडीत चढवला आणि ती चाळणी उजेडात धरून पाहिली. "बाप रे! काय होतं हो यात?"

"ते बाहेर पडणं कुणाच्याच हिताचं नव्हतं," काका म्हणाले.

आत टेबलावरची धूळ पुसायच्या आधीच मशीन सुरू झालं होतं.