दोन सूत खाली

माझे बाबा कोणालाही सरळ 'नाही' म्हणत नाहीत. ते 'बघूया' म्हणतात. नवा फ्रीज घ्यायचा का? बघूया. गावच्या घराला रंग द्यायचा का? बघूया. फ्रीज तीन वर्षांनी आला, घर अजून बिनरंगाचं आहे. राजसशी लग्न करायचंय असं मी सांगितलं तेव्हाही ते तेच म्हणाले, आणि त्याला आता अकरा महिने झाले होते.

राजस शिवाजी पार्कला राहतो आणि एका शब्दकोशाच्या कामावर आहे. दिवसभर शब्दांचे अर्थ लिहितो. हे ऐकल्यावर बाबांनी विचारलं होतं, "ते लोकांका ठावक नसतत?" राजसच्या आईचं, पद्मजाकाकूंचं म्हणणं सरळ होतं. मुलीच्या घरून बोलावणं आलं की आम्ही येऊ. म्हणजे त्या तिकडे बोलावण्याची वाट बघत होत्या, बाबा इकडे 'बघूया' म्हणत होते आणि मी मध्ये अठ्ठाविसाची एकोणतीस झाले होते.

आणि मग एका गुरुवारी बाबा जेवता जेवता म्हणाले, "त्या शिवाजी पार्कवाल्याक रयवारी धा वाजता बोलव. गाडयेक मोबाईलचो स्टँड बसवचो आसा."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. मी म्हटलं, "बाबा, फिटर तुम्ही, गाडी तुमची, आणि स्टँड त्यानं बसवायचा?"

"बघूया," बाबा म्हणाले.

बाबा खरोखरच फिटर. लालबागच्या एका गिरणीत अठरा वर्षं मशीनं दुरुस्त केली, गिरणी बंद पडल्यावर इमारतींचे पाण्याचे पंप दुरुस्त करू लागले. त्रेसष्टाव्या वर्षीही मोटरसायकलवरून फिरतात. परळ-लालबागची गल्ली न् गल्ली त्यांना पाठ आहे, पण टॉवर पाठ नाहीत. टॉवरांना हल्ली इटलीतली नावं असतात, ती बाबांच्या तोंडात बसत नाहीत. म्हणून ते मोबाईलवर नकाशा लावतात आणि मोबाईल हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये कोंबतात. आतली बाई म्हणते, दोनशे मीटरवर डावीकडे वळा. बाबा भर सिग्नलला ओरडतात, "खय?" एकदा शेजारच्या टॅक्सीवाल्यानं त्यांना रस्ता सांगितला होता. त्यामुळे स्टँड हवा होता हे खरंच. पण ही परीक्षा आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, आणि राजसला साधा बल्ब बदलता येत नाही हे मला ठाऊक होतं. शनिवारी रात्री मला जेवण गेलं नाही.

रविवारी राजस दहाला पाच कमी असताना आला. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. ग्रीसच्या कामाला पांढरा सदरा! मी कपाळावर हात मारला.

आमची चाळ पाडून टॉवर झाला त्याला चार वर्षं झाली. आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो, तरी चाळीतली माणसं अजून खाली पार्किंगमध्येच जमतात. बाबांनी गाडीशेजारी प्लास्टिकचं स्टूल टाकलं, हत्यारांची पेटी उघडून ठेवली, उजवा हात बगलेत घातला, डाव्या हातात चहाचा कप धरला आणि संस्थानिकासारखे बसले. राजसला बसायला पुठ्ठा दिला.

"पाकीट उघड," बाबा म्हणाले.

पाकिटातून एक पंजा निघाला, मोबाईल धरायचा. एक क्लॅम्प, हँडलला आवळायचा. रबराच्या दोन पट्ट्या, चार बारीक स्क्रू, चार वायसर आणि सूचनांचा कागद. राजसनं आधी कागद घेतला. मराठीत होता, पण कुठल्यातरी यंत्रानं केलेलं मराठी. "'आपल्या हँडलास प्रेमाने कवटाळा व स्क्रूचे सांत्वन करा'," त्यानं वाचून दाखवलं, आणि खिशातून पेन काढून तो कागद दुरुस्त करायला लागला.

"अरे, स्टँड बसवचो आसा, कागद न्हय!" बाबा म्हणाले.

"हो काका. सांत्वन नाही, बहुतेक सैल करा असेल."

"पानो घे. धा-अकराचो."

राजसनं पक्कड उचलली. मग स्क्रूड्रायव्हर उचलला. मग, बाबांचा चेहरा बघून, सगळी पेटीच पुढे सरकवली. बाबांनी हनुवटीनं पाना दाखवला. एरवी कोणी चुकीचं हत्यार उचललं तर ते हातातून हिसकावून घेऊन स्वतः कामाला लागतात. त्या दिवशी ते जागचे हलले नाहीत. बगलेतला हात बगलेतच. मला वाटलं, केवढा हा ताठा! पोराला पुठ्ठ्यावर बसवायचं आणि स्वतः बोटसुद्धा लावायचं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी गप्प बसले, कारण अकरा महिन्यांनंतर आता कुठे काहीतरी हललं होतं.

पहिला स्क्रू बसवायला पंचवीस मिनिटं लागली. राजसनं तो आधी उलटा धरला, मग वायसर विसरला, मग रबराची पट्टी विसरला. क्लॅम्प बसला तो हँडलवर इतका वर, की पंजा स्पीडोमीटरच्या तोंडावर आला.

"दोन सूत खाली घे," बाबा म्हणाले.

तेवढ्यात शिवाकाका आले. शिवाकाका म्हणजे बाबांचे गिरणीतले दोस्त. सातव्या मजल्यावर राहतात आणि त्यांना कळलेली गोष्ट पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत सगळ्यांना कळते. त्यांच्या मागोमाग वॉचमन आला, आणि दूध घेऊन परतणारे दोघंतिघं पिशव्या घेऊन थांबले. शिवाकाका म्हणाले, "काय रे गंगाधर, पोराक कशाक छळतंस? तू हात लाव, दोन मिनटात होतला."

सगळे बघत होते. बाबांनी कप खाली ठेवला, उजवा हात बाहेर काढला आणि पेटीच्या झाकणात ठेवलेला एक स्क्रू उचलला. तो पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला आणि घरंगळत एका मोटारीखाली गेला.

"मेल्या, म्हातारो झालंस की काय?" शिवाकाका मोठ्यानं हसले. "हाताक काय झाला तुझ्या?"

त्याच क्षणी राजस ताडकन उठला. "काका, दोन सूत म्हणालात ना? थांबा, आणतो," म्हणाला आणि लिफ्टकडे धावला.

काय आणतोय, कोणालाच कळेना. पाच मिनिटांनी तो खाली आला तेव्हा त्याच्या हातात माझ्या आईच्या शिवणाच्या डब्यातले पांढऱ्या दोऱ्याचे दोन तुकडे होते. वीतभर लांबीचे. ते त्यानं बाबांसमोर धरले आणि विचारलं, "एवढं पुरेल? हे खाली कुठे बांधायचं?"

आणि मग पार्किंगमध्ये जे हसू फुटलं! वॉचमन भिंतीला टेकला. एकाची दुधाची पिशवी हातातून सुटली. "अरे बाबा, सूत म्हणजे दोरो न्हय," शिवाकाका डोळे पुसत म्हणाले. "इंचाचो आठवो भाग! फिटरचा माप ता!"

"असं होय," राजस म्हणाला. "मला वाटलं, काका गिरणीतले, म्हणजे सूत हे कापसाचंच असणार."

"गंगाधर, ह्या पोराक एकच सूत ठावक आसा," शिवाकाका म्हणाले, "ता अनुजाबरोबर जुळवन मोकळो झालो!"

पुन्हा हशा. राजस लाजला, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शब्दांचे अर्थ लिहितो म्हणे! शिवाकाका ही गोष्ट सांगायला लगेच वर पळाले, बाकीचे पांगले, आणि राजस मोटारीखाली आडवा झाला. पांढऱ्या सदऱ्यानिशी. स्क्रू घेऊन बाहेर आला आणि पुन्हा पुठ्ठ्यावर बसला. बाबा हळू आवाजात सांगत राहिले, तो करत राहिला. साडेबाराला स्टँड बसला. थोडा डावीकडे झुकलेला, पण घट्ट. बाबांनी मोबाईल पंजात अडकवून घेतला, आतली बाई म्हणाली, सरळ जा, आणि बाबा पहिल्यांदाच तिला उलट बोलले नाहीत.

राजस जेवून गेला. बांगड्याचं तिखलं त्यानं दोनदा मागून घेतलं, डोळ्यांतून पाणी येत असताना. दार बंद झालं आणि मी सुटले.

"झालं समाधान? घेतलीत परीक्षा? आख्ख्या बिल्डिंगसमोर त्याचं हसं केलंत. नकोय तर सरळ नको म्हणा ना! अकरा महिने 'बघूया, बघूया' काय लावलंय? तुम्ही तर बोटसुद्धा लावलं नाहीत, वरून हुकूम सोडत बसलात!"

"अनुजा," आई म्हणाली. मी थांबले नाही. आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कसली परीक्षा? माका जावय तपासूचो नव्हतो. माका हात व्हयो होतो."

त्यांनी खिशातून एक सुटा स्क्रू काढून टेबलावर ठेवला आणि उजव्या हातानं उचलायला गेले. स्क्रू बोटांमधून निसटला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो डाव्या हातानं उचलला.

"दोन महिने झाले," बाबा म्हणाले. "मोठो पानो धरूक येता. बारीक काय चिमटीत रवना नाय. हो स्टँड मी मंगळवारी आणलंय. तीन दिवस खाली जावन बसतंय, एक स्क्रू लागलो नाय."

इथे मला एक सांगायला हवं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, परळच्या एका हॉस्पिटलात. हात हेच माझं काम. दिवसाला पंधरा माणसांचे हात मी तपासते, बोटं वाकवते, मुठी आवळायला लावते. आठला घराबाहेर पडते, आठला परत येते, आणि दोन महिने ज्या माणसासमोर बसून जेवत होते तो घास डाव्या हातानं पोळीत गुंडाळतोय हे मला दिसलं नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुका सांगलंय तर तू पयली गाडयेची चावी काढून घेतलंस," बाबा म्हणाले. हे अगदी खरं होतं. "शिवाक सांगलंय तर सांजपर्यंत आख्ख्या लालबागाक कळतला. मगे पंपाक कोण बोलवतलो माका? म्हटलं, परको पोर आसा, तेका काय कळना नाय. पण तेका कळला."

"राजसला? त्याला सूत कळत नाही, बाबा!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी लहानपणी गणित चुकले की असेच बघायचे.

"अगो, शब्दांचा काम करणारो माणूस तो. सूत म्हणजे काय, ता तेका ठावक नाय? आणि शिवा माका हसाक लागलो, नेमको तेव्हाच बरो तो दोरो आणूक गेलो?"

राजसचं ते धावत लिफ्टकडे जाणं मला आठवलं, 'एवढं पुरेल?' असं भोळ्या चेहऱ्यानं विचारणं आठवलं. त्यानंतर बाबांच्या हाताबद्दल कोणी एक शब्द काढला नव्हता. सगळी बिल्डिंग दोऱ्यालाच हसत होती, अजूनही हसत असणार.

"तेणी माका हसाक देवक नाय," बाबा म्हणाले. "चार लोकांत स्वताक हसवन घेतल्यान. तेच्या आवशीक सांग, येवा म्हणान."

पद्मजाकाकूंना बोलावणं! आईनं पदर डोळ्यांना लावला. मी बाबांचा हात हातात घेतला आणि पेशंटला सांगते तसं म्हटलं, "दाबा." त्यांनी माझी दोन बोटं दाबली. नाडीवर हात ठेवावा तेवढंच जाणवलं. मनगट वाकवून बघितलं, अंगठ्याच्या मुळाशी चाचपलं. "मनगटातली नस दबलेली दिसते," मी म्हटलं. "बरं होतं हे. पण उद्या सकाळी माझ्याबरोबर चलायचं. बघूया नाही."

"आणि गाडी?" बाबांनी भीत भीत विचारलं. त्यांना घाबरलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

"हात बरा होईपर्यंत बंद. तोवर राजस नेईल तुम्हाला पंपाच्या कामांना सुट्टीच्या दिवशी," मी ठोकून दिलं.

"तेका गाडी चलवूक येता?"

मी मान खाली घातली. "नाही. सायकलसुद्धा नाही."

बाबा खुर्चीत सरळ बसले. अकरा महिन्यांत माझ्या लग्नाच्या विषयावर त्यांचा चेहरा एवढा खुललेला मी पाहिला नव्हता.

"मगे तेका रयवारी सकाळी सातक पाठव," ते म्हणाले, "आणि सांग, पांढरो सदरो घालू नको."