काताल्दोची लिविया

"अरे, हळू! गोदीत पोती उतरवतोयस का? लिविया आहेस तू, लिविया!" एलीजिओ ओरडला आणि तालमीला जमलेली सगळी पोरं खिदळली.

काताल्दोने झगा गुडघ्यापर्यंत वर धरला. "कमरेला एवढं आवळून तू चालून दाखव, मग बोल!"

नेपल्सच्या त्या संगीतशाळेत मुलींना प्रवेश नव्हता, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या ऑपेरात स्त्रीपार्ट मुलंच करत. काताल्दोचा आवाज उंच पट्टीत फार गोड लागे. त्याचा वर्गमित्र एलीजिओ याने आपला पहिलावहिला ऑपेरा रचला तो त्या आवाजावरच; लिविया ही त्याची नायिका. "माझा ऑपेरा जाईल तिथे तू," असं तो मॅकरोनी खाता खाता शपथेवर म्हणाला होता. काताल्दोने ते खरं धरलं. गावी जाऊन बापासारखी मासळी विकायची नव्हती त्याला.

कार्निव्हलच्या सणात प्रयोग झाला. लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं. लगोलग एलीजिओला मोठ्या थिएटरच्या मालकाचं बोलावणं आलं. तिथे मात्र लिवियाचं काम एक बाईच करणार होती.

"तिला गाणं शिकवशील?" एलीजिओने चाचरत विचारलं. "तुझ्याइतकं कुणाला येतंय ते?"

"आणि मी? कोरसात तरी?"

"बोलतो रे मालकाशी. नक्की बोलतो."

काताल्दोला राग आला होता, तरी तो गेलाच. एक गोष्ट त्याला स्वस्थ बसू देईना: खऱ्या बाईच्या गळ्यातून लिविया वाटते तरी कशी?

नवी लिविया, सिन्योरा बेनेदेत्ता, शाल सावरून पियानोपाशी उभी राहिली; पियानोवर एलीजिओ बसला होता. निरोपाच्या गाण्याच्या पहिल्या ओळीत त्याला दोनदा श्वास घ्यावा लागे. ती एका दमात पार गेली. काताल्दो ऐकतच राहिला. आजवर तोच लिविया होता, त्यामुळे लिविया त्याने कधी ऐकलीच नव्हती. बापरे, एवढी दुःखी होती ही पोरगी! त्याचे डोळे भरून आले.

"छान बांधलंय हो," सिन्योरा एलीजिओला म्हणाली. "शाळेत कोण गायचं हे?"

दारात थिएटरचा मालक उभा होता. त्याच्याकडे बघत एलीजिओ हसला. "होता एक पोरगा. वेळ मारून नेली झालं."

काताल्दोने ते ऐकलं. पण गाणं अजून संपलं नव्हतं.

"सिन्योरा, पुढच्या ओळीआधी जरा थांबा," तो म्हणाला. "लिविया तिथे मागे वळून बघते."

"म्हणजे कशी?"

त्याने उठून, दोन पावलं चालून, हळूच मान वळवून दाखवली. समोर एलीजिओ होता. तो कागद चाळत राहिला.