टेलपीस बदलताना

शमुवेल आवळ्यांना माती देऊन लोक परतले, तेव्हा घराची मधली खोली तीन फरश्यांनी लांबली होती. त्यांच्या मुलीच्या, सुवार्ताच्या, ते लक्षात आलं चहामुळे. स्वयंपाकघर पुढच्या अंगाला, आईची, मार्थाबाईंची, खोली मागे. मधली खोली ओलांडताना तिला दोन पावलं जास्त पडली. थकवा असेल, असं तिने धरलं. आठवड्याने वीस पावलं जास्त पडू लागली, तेव्हा थकव्याचं नाव घेता येईना.

दुसऱ्या महिन्यात ती चहा थर्मासमधून नेऊ लागली. खोलीची रुंदी होती तेवढीच होती, छत तेवढंच, भिंतींचा पिस्ता रंगही तोच. वाढत होती ती फक्त लांबी. खोलीला एकच खिडकी होती. ती आता अर्ध्या वाटेवर यायची आणि तिथे गजांना धरून सुवार्ता दम खायची. भेटायला आलेले पाळकसाहेब त्या खिडकीपर्यंत गेले, तिथूनच हात वर करून त्यांनी प्रार्थना म्हटली आणि मार्थाबाईंना सलाम सांगा म्हणून ते परतले. मार्थाबाईंसारखं गुडघ्यांचं दुखणं त्यांनाही होतं.

लांबण्याचं कारण पुढच्या खोलीत टेबलावर ठेवलेलं होतं.

पप्पांची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार. मिरजेत तशी दुसरी नव्हती. लग्नांच्या ऑर्केस्ट्रात आणि दर रविवारी चर्चमध्ये ती चाळीस वर्षं वाजली होती. बारा तारांच्या सहा जोड्या, आणि खालच्या टोकाला पितळेची एक पट्टी. प्रत्येक तारेच्या शेवटाला बारकी गुंडी असते, ती या पट्टीच्या भोकात अडकवायची. तिला टेलपीस म्हणतात. बाराही तारांची ओढ ती एकटी सोसते. आता तिचे तीन स्क्रू लाकडातून वर येत होते आणि पट्टी रोज थोडी तारांकडे सरकत होती. पट्टी सरकली की तारा सैल पडायला हव्यात. या पडल्या नाहीत. पट्टी जेवढी सरके तेवढी गिटार लांब होई, त्यामुळे सूर जागच्या जागी राही. आणि गिटारबरोबर घर लांब होई. गिटारची मान टेबलाबाहेर जाऊन दोन खुर्च्यांवर विसावली होती, तिचं तोंड आईच्या खोलीकडे होतं.

पट्टी बदलायला हवी हे सुवार्ताला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिने टाळलं ते सुरामुळे.

आई चर्चच्या गायनमंडळात गायची. वय झालं तसा तिचा गळा खाली आला, आणि दर ईस्टरच्या आधी पप्पा तिला आकार लावायला सांगून बाराही तारा तेवढ्या उतरवून घेत. तो सूर कुठल्या पेटीत नव्हता. तो फक्त आईच्या गळ्यात होता आणि या तारांत. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीही पप्पांनी पलंगाच्या कडेला बसून तो लावला. त्यांच्या हातांनी केलेलं ते शेवटचं काम. म्हणून आई मागच्या खोलीत गुणगुणली की पुढच्या खोलीत तारा आपोआप वाजत. मधली खोली एवढी झाल्यावर आईची हाक हवेतून पोहोचायची थांबली, पण तारांतून पोहोचत होती. ती जागी आहे, तिला पाणी हवंय, तिला रडू आलंय, हे सगळं सुवार्ताला गिटार सांगे. तारा सैल केल्या असत्या तर आई मुकी झाली असती. न केल्या तर रोज दूर जात होती.

शेवटी एका दुपारी पट्टी लाकडापासून बोटभर उचलली गेली आणि मधली खोली एका दमात शंभर फरश्या वाढली. तेव्हा सुवार्ताने दस्तगीरचाचांना बोलावलं.

दस्तगीरचाचा तंबोरे करायचे. पप्पांच्या गिटारला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला नव्हता. ते गिटारच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

"लांबलीय की," ते म्हणाले.

मग वाकून त्यांनी पट्टी पाहिली. आमच्या तंबोऱ्यात याला लंगोट म्हणतात, असं एकदा त्यांनी मास्तरांना, म्हणजे पप्पांना, सांगितलं होतं. पुढच्या रविवारी ऐन उपासनेत मास्तरांची नजर पट्टीवर गेली आणि त्यांना हसू आवरेना, पाळकांनी दोनदा वळून पाहिलं. हे सांगताना चाचा स्वतः हसले नाहीत. बोटाने एक स्क्रू हलवून त्यांनी तो परत होता तसा ठेवला.

"उतरवाव्या लागतील तारा. सगळ्या."

"उतरवायच्या नाहीत," सुवार्ता म्हणाली.

"मी लावून देतो परत."

"कशावर लावाल?"

"बाईंना गायला सांग. त्या सुरावर."

सुवार्ताने मधल्या खोलीचं दार पूर्ण उघडलं. चाचा उंबऱ्यावर उभे राहून बराच वेळ आत बघत राहिले. मागची खोली तिथून टपाल तिकिटाएवढी दिसत होती. तिथवर जाऊन सूर डोक्यात धरून इथे आणणं आपल्या वयाला जमायचं नाही, वाटेत तो थोडा तरी सांडणार, असं ते म्हणाले. मग टेबलाशी येऊन त्यांनी पिशवीतून पक्कड काढली.

"तंबोऱ्याची एक रीत आहे. एक तार काढायची, एक घालायची. वाद्य उघडं ठेवायचं नाही. पण इथे पट्टीच काढायची म्हटल्यावर मधल्या वेळात कुणीतरी धरायला हवं."

"मी धरते."

त्यांनी तिला टेबलाच्या या टोकाला उभं केलं, तोंड मधल्या खोलीकडे, पाठ रस्त्याकडच्या भिंतीकडे. भिंत चार पावलांवर होती. एकेक गुंडी पट्टीतून सोडवून ते तार तिच्या हाताला देत गेले. पाच बोटांना पाच आणि मनगटाला सहावी. मग दुसरा हात. जाड तारा आधी, बारीक नंतर. बारावी तार आली तेव्हा पट्टी जमिनीवर पडली आणि मागोमाग तीन स्क्रू. दोघांनी मधल्या खोलीकडे पाहिलं. खोली वाढली नव्हती. मागून आई गुणगुणली आणि तो सूर सुवार्ताच्या कोपरांत वाजला.

चाचांनी पिशवीतली नवी पट्टी कागदातून सोडवली आणि उलटसुलट करून पाहिली. तिला सहा भोकं होती.

"मागवताना मी फोनवर नुसतं इलेक्ट्रिक म्हणालो," ते म्हणाले. "बारा म्हणायचं राहिलं. इथे बारा कुणी मागतच नाही."

दुकानात जाऊन आणखी सहा भोकं पाडून आणतो, अर्धा तास लागेल, असं ठरलं. मापाला जुनी पट्टी त्यांनी खिशात घातली. दारातून ते वळले.

"हलू नकोस, बेटा. पुढे गेलीस तर घर जाईल, मागे गेलीस तर सूर."

त्यांनी बाहेरून कडी लावली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते.

नंतरही चारच वाजत राहिले. दारावरच्या झडपेतून आलेलं ऊन जमिनीवर जिथे होतं तिथेच होतं. सुवार्ताची बोटं आधी लाल झाली, मग पांढरी. पप्पांचा सूर शाबूत होता. तो धरून किती वेळ उभं राहता येईल याचा विचार तिने केला, आणि पट्टीने तर चाळीस वर्षं धरला होता, हे तिला आठवलं.

चार ही चहाची वेळ होती. तारा थरथरल्या.

"सुवार्ता, थर्मास नाही आला. मीच येते."

नको, असं ती मोठ्याने म्हणाली. तिच्याकडून तिकडे जायला काहीच नव्हतं. तारा फक्त आणत होत्या.

मार्थाबाई निघाल्या. चालताना धीर यावा म्हणून त्या गात होत्या आणि त्यावरून सुवार्ताला त्यांचं प्रत्येक पाऊल कळत होतं. पुष्कळ वेळाने त्या खिडकीशी दिसल्या, अंगठ्याएवढ्या. तिथे गाणं थांबलं. त्यांनी गज धरला, मग दुसऱ्या हातानेही धरला. गुडघे वाकू लागले होते. चाचांच्या पावलांचा रस्त्यावर पत्ता नव्हता.

सुवार्ता एक पाऊल मागे सरली.

मधल्या खोलीतल्या फरश्या एकमेकींखाली सरकल्या, कपाटात ताटं सरकवावीत तशा, आणि खिडकीसकट आई निम्म्या अंतरावर आली. तारा चढल्या. आईने मान वर केली, गज सोडला आणि चढलेल्या सुराला सूर लावून ती पुढे चालू लागली. तिच्या हातात रिकामा कप होता.

"पप्पांनी एवढा वर कधी लावला नव्हता," ती म्हणाली. आवाज तारांतूनच आला, बारीक होऊन.

सुवार्ताने दुसरं पाऊल मागे टाकलं. आईच्या पातळाची किनार दिसू लागली, चष्म्याची दोरी दिसू लागली. ती गातच होती, पण शब्दांच्या कडाच तेवढ्या ऐकू येत होत्या. तिचा श्वास अपुरा पडत होता. सुवार्ताने एक पाऊल पुढे टाकलं. आवाज भरून आला आणि आई लहान होत खिडकीपर्यंत मागे गेली, कप छातीशी धरून, तोल सावरत. एक गुडघा फरशीला टेकला.

सुवार्ताने तोंड मिटून दोन पावलं मागे घेतली, मग आणखी अर्धं.

आता मार्थाबाई पुढच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत होत्या. दोघींच्या मधे टेबल, गिटार आणि चार फरश्या. त्या भिंत सोडून उभ्या होत्या आणि फार वेळ उभ्या राहू शकणार नव्हत्या. त्यांनी कप पुढे केला आणि काहीतरी विचारलं. ओठ नीट हलले, प्रश्न असावा तसे. तारा इतक्या वर गेल्या होत्या की त्यांतून काहीच आलं नाही, आणि एवढ्या जवळून हवेतूनही नाही; आईचा आवाज आता तारांतच उरला होता. आईने पुन्हा विचारलं. मग कप दुसऱ्या हातात घेतला आणि मोकळा हात मुलीकडे लांब केला, तो अर्ध्यातच राहिला.

सुवार्ताने टाच मागे नेली. ती भिंतीला लागली.