कालवांच्या खाडीतली होडी

मी एक जुनी होडी आहे आणि माझ्या पोटात हाताचं बोट जाईल एवढी फट आहे. लामिन गावाच्या काठावर, शिंपल्यांच्या ढिगाशेजारी मी पालथी पडलेली असते. मित्रांनो, पाण्यात होते तेव्हा वाटली नाही एवढी काळजी मला आता काठावर वाटते. का, ते सांगते.

आफ्रिकेतला आमचा गाम्बिया देश म्हणजे एक लांबलचक नदी आणि तिच्या दोन्ही काठांना धरून राहिलेली माणसं. समुद्र जवळ आला की या नदीला खाड्या फुटतात आणि खाड्यांच्या कडेनं खारफुटीचं रान माजतं. त्या झाडांच्या मुळांना कालवांचे शिंपले चिकटलेले असतात. पुरुष मासे धरायला समुद्रावर जातात. कालवं काढणं हे मात्र बायकांचं काम.

माझं लाकूड पांढऱ्या सावरीचं. नदीच्या दक्षिणेकडच्या एका म्हाताऱ्या सुतारानं झाड पाडण्याआधी बुंध्याशी तांदळाचं पाणी ओतलं, झाडाची माफी मागितली आणि मग कुऱ्हाड घातली. खोड पोखरून, तासून त्यानं मला घडवलं. जाइनाबा साम्बू मला न्यायला आली. जोला जमातीची, आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई. माझ्या कुशीवर थाप मारून ती म्हणाली, "अंगानं बारीक आहे, पण चटकन वळेल. मला मुळांमध्ये शिरायचंय, मिरवायचं नाहीये."

मग वर्षानुवर्षं आम्ही दोघी ओहोटीबरोबर निघत असू. निघण्याआधी काठावर बायका भेटत.

"घरचे कुठे आहेत?"

"आहेत तिथंच."

"पोरंबाळं?"

"तीही आहेत तिथंच. सगळी शांतता आहे."

ओहोटी निघून चालली तरी एकेकाची अशी विचारपूस झाल्याशिवाय आमच्याकडे वल्ह्याला हात लागत नाही. कुणी तापानं फणफणलेलं असलं तरी उत्तर हेच, शांतता आहे. मला त्या शब्दाची सवय झाली होती, पण त्यावर विश्वास बसत नव्हता.

पुढे जाइनाबाचे गुडघे दुखू लागले, तेव्हा तिनं दिबोरला सोबतीला घेतलं. दिबोर फाय सेरेर जमातीची. आतल्या बाजरीच्या मुलखातून लग्न होऊन आलेली. तिचा नवरा बंदरावर हमाली करायचा. जोला आणि सेरेर यांनी एकमेकांना हवे तेवढे टोमणे मारावेत आणि कुणी रागवू नये, ही जुनी रीत. त्यामुळे माझ्यात बसल्या बसल्या दोघींचं सुरू व्हायचं.

"अगं बाजरीखाऊ, वल्हं पाण्यात घालतात. हवेत नाही."

"तुझं भातानं भरलेलं पोट पुढे बसलंय, मावशी. होडी सरकेल कशी?"

दोघी हसत, पण मला हसू येत नसे. दिबोरला पोहता येत नव्हतं. खोल पाणी आलं की ती माझी कड इतकी घट्ट धरायची की तिची नखं मला रुतायची.

पावसाळ्यात कालवं काढणं बंद असतं. एका वर्षी जाइनाबा लेकीचं बाळ सांभाळायला दक्षिणेला गेली आणि पाऊस संपला तरी परतली नाही. मला कुणी सावलीत ओढलं नाही की माझ्यावर माडाची झावळी टाकली नाही. वाळवंटाकडून कोरडा वारा आला आणि मी उलले. जाइनाबानं परत आल्यावर फट पाहिली, जिभेनं चुकचुक केलं, चिंध्या कोंबल्या आणि वरून डांबर ओतलं.

"मावशी, सुताराला बोलवायचं का?" दिबोरनं विचारलं.

"हंगाम सुरू झाला. एवढ्यावर निभेल."

निभणार नाही हे मला ठाऊक होतं. रोज थोडं पाणी आत यायचं, दिबोर डबड्यानं ते उपसायची आणि रोज ते कालच्यापेक्षा जास्त असायचं.

ते घडलं त्या दिवशी त्याच वाऱ्यानं आणलेली धूळ खाडीवर उतरली होती. समोरचं झाडही पुसट दिसत होतं. बाकीच्या बायका दुसऱ्या फाट्याला गेल्या होत्या. जाइनाबा कोयता घेऊन मुळांवर उतरली, दिबोर मला धरून बसली. टोपल्या चांगल्या भरल्या. भरती लागली तशी दिबोर म्हणाली, "मावशी, चल आता."

"ही एवढी मुळी झाली की आले."

मग पाय घसरल्याचा आवाज आला. जाइनाबा चिखलात कमरेपर्यंत गेली होती आणि तिचा घोटा दोन मुळांच्या बेचक्यात अडकला होता. तिनं ओढून पाहिलं. दिबोरनं कोयता घेतला, पण मूळ पाण्याखाली होतं आणि पाण्यात घाव बसत नव्हता. दोघींनी हाका मारल्या. धुळीतून कुणाचंच उत्तर आलं नाही.

पाणी जाइनाबाच्या छातीशी आलं.

"तू जा," ती म्हणाली. "कुणालातरी घेऊन ये."

"मी येईपर्यंत तू राहशील का?"

जाइनाबानं पुन्हा एकदा पाय ओढून पाहिला. नंतर म्हणाली, "तुला पोहता येत नाही. होडी गळतेय. दोघींनी मरण्यात काय शहाणपण आहे?"

"भात खाऊन खाऊन तुझं डोकं जड झालंय," दिबोर म्हणाली. "गप्प बस जरा."

वाहून जाऊ नये म्हणून तिनं माझी दोरी पाय अडकलेल्या मुळाच्याच वरच्या भागाला आखूड बांधली आणि पाणी उपसू लागली. भरतीनं मला वर उचललं. दोरी ताणली. खाली कुठेतरी मूळ करकरलं.

"थांब," जाइनाबा म्हणाली. "हललं. पायाला कळलं मला." "होडी हलकी कर, पोरी. ती वर येईल तसं मूळ उचलेल. सगळं टाक."

दिबोरनं टोपल्या उचलून पाण्यात ओतल्या. सकाळपासूनचे कष्ट, जखमा, घाम, सगळं खळखळत तळाशी गेलं. मग ती स्वतः माझ्यातून उतरली. गळ्याएवढ्या पाण्यात, पायाखाली धड चिखलही नाही, एका हातानं माझी कड धरून ती दुसऱ्या हातानं माझ्यातलं पाणी बाहेर फेकत राहिली. मी वर येत होते आणि दोरी मला खाली ओढत होती. माझी फट उकलत होती. चिंधी सुटली तर आत येणारं पाणी मला बुडवील, मग मूळ उचललं जाणार नाही, आणि जाइनाबाच्या हनुवटीला तर पाणी लागलंच होतं. मित्रांनो, लाकडाला प्रार्थना करता येते की नाही, मला माहीत नाही. मी फक्त तरंगत राहिले.

मूळ उपटलं ते एकदम. जाइनाबा पाण्याखाली गेली आणि दिबोरनं तिच्या लुगड्याला हात घातला. कशा दोघी माझ्यात चढल्या, मला कळलं नाही. माझ्या पोटात फाटल्याचा आवाज भरला होता. जाइनाबानं डोईचं फडकं सोडून फटीत कोंबलं आणि त्यावर बसली. दिबोरनं कोयत्यानं दोरी तोडली आणि ती वल्हवत राहिली.

काठावर बायका धावत आल्या. सवयीनं कुणीतरी विचारलं, "शांतता आहे ना?"

दिबोरनं तोंड उघडलं, पण तिला रडू फुटलं. जाइनाबा म्हणाली, "नाही. आज नाही. आधी आम्हाला धरा."

सुतारानं मला उलटंपालटं करून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. जाइनाबा माझ्याजवळ येऊन बसली. "फट मी पाहिली होती," ती दिबोरला म्हणाली. "पाहिली आणि बुजवल्यासारखं केलं."

तिचा घोटा आता वळत नाही. ती काठावर बसून कालवं उकडते आणि संध्याकाळी उथळ पाण्यात उभी राहून दिबोरला पोहायला शिकवते. "हात मार, बाजरीखाऊ," असं ओरडते. दिबोर नवी होडी घेऊन जाते. हंगाम सरला की दोघी मिळून ती सावलीत ओढतात, तिच्यावर झावळ्या टाकतात आणि अंगावर पाणी शिंपडतात.

तरीही भरती लागली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. धूळ असेल तर फारच. मला खाडीकडे वळता येत नाही, म्हणून मी वल्ह्याच्या आवाजाची वाट पाहत पडून राहते.

मित्रांनो, तुमच्या घरातूनही रोज कुणीतरी कामाला बाहेर पडत असेल. सायकलवर, शिडीवर, दोरावर किंवा पाण्यावर. ज्या वस्तूच्या भरवशावर ते माणूस जातं, ती एकदा हात फिरवून पाहा. फट दिसली तर तिच्यात चिंधी कोंबून निघू नका. त्या दिवशी थांबा. वस्तूला बोलता येत नाही आणि माणूस "शांतता आहे" असं म्हणूनच घरातून निघतं.